रजोनिवृत्तीच्या लक्षणांवरील उपचार

स्त्रीच्या बीजांडकोशांचे कार्य संपुष्टात येऊन मासिक पाळी कायमची थांबणे म्हणजे रजोनिवृत्ती होय. बोलीभाषेत यास 'पाळी जाणे' असे म्हणतात. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. भारतात ती सरासरी ४६ ते ४७व्या वर्षी, तर अमेरिका व युरोपात सुमारे ५१व्या वर्षी येते. रजोनिवृत्ती हा आजार नाही. तथापि काही स्त्रियांना होणारा त्रास झोप, कामकाज आणि कौटुंबिक जीवन विस्कळीत करण्याइतका तीव्र असतो. अशा त्रासावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. त्यांची निवड वय, शेवटच्या पाळीनंतर गेलेला काळ, गर्भाशय आहे की नाही आणि पूर्वीचे आजार यांवर अवलंबून असते.

लक्षणे व कारणे

अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम फुटणे, निद्रानाश, चिडचिड, सांधेदुखी आणि योनीचा कोरडेपणा ही प्रमुख लक्षणे होत. शरीराच्या तापमानाचे नियंत्रण मेंदूतील अधश्चेतक अर्थात हायपोथॅलॅमस या भागातून होते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटल्यावर तेथील काही चेतापेशी अतिक्रियाशील होतात. त्यामुळे तापमानातील अल्पशी वाढही शरीरास असह्य उष्णता भासते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा व छाती तापते आणि घाम सुटतो. अमेरिकेतील 'स्वान' या दीर्घकालीन अभ्यासात निम्म्या स्त्रियांमध्ये वाफांचा त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे आढळले. वाफा कालांतराने कमी होतात. योनीचा कोरडेपणा व लघवीची जळजळ मात्र उपचारांअभावी बहुधा वाढत जाते.

शस्त्रक्रियेमुळे येणारी रजोनिवृत्ती

दोन्ही बीजांडकोश काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते व लक्षणे अधिक तीव्र असतात. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, परंतु बीजांडकोश काम करीत राहतात. मात्र त्यांचे कार्य नेहमीपेक्षा लवकर संपण्याची शक्यता वाढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या वृत्तांनंतर महाराष्ट्र शासनाने २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. वयाच्या ४५ वर्षांपूर्वी रजोनिवृत्ती आल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे अन्य वैद्यकीय अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस केली जाते.

संप्रेरक उपचार

वाफा व रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेन हा सर्वांत प्रभावी उपचार आहे. ते गोळी, त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल या स्वरूपात देतात. त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका गोळीच्या तुलनेत कमी असतो. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हे १९७५मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध देणे आवश्यक असते. केवळ योनीचा कोरडेपणा असल्यास अल्प मात्रेतील योनिमार्गी इस्ट्रोजेन पुरेसे ठरते. ते रक्तात अत्यल्प प्रमाणात मिसळते.

'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासातील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी जुलै २००२मध्ये मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. संप्रेरके घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले. मांडीच्या हाडाच्या खुब्याजवळील अस्थिभंग मात्र ५ने कमी झाले. यानंतर जगभर या उपचारांचा वापर झपाट्याने घटला. तथापि चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. वयोगटानुसार केलेल्या पुढील विश्लेषणांवरून, ६०पेक्षा कमी वयाच्या किंवा पाळी जाऊन १० वर्षे न झालेल्या, त्रास असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये या उपचारांचे लाभ धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे आता मानले जाते.

स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका यांचा पूर्वेतिहास, यकृताचा सक्रिय आजार अथवा निदान न झालेला रक्तस्राव असल्यास हे उपचार सामान्यतः टाळले जातात.

संप्रेरकांविना उपचार

संप्रेरके घेता येत नसल्यास पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी नैराश्यविरोधी औषधे अल्प मात्रेत देतात. गॅबापेन्टिन हे औषध रात्रीच्या त्रासात विशेष उपयुक्त असते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना पॅरोक्सेटिन देत नाहीत, कारण त्यामुळे टॅमॉक्सिफेनचा प्रभाव घटू शकतो. अधश्चेतकातील संबंधित चेतापेशींवर कार्य करणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधास अमेरिकेत मे २०२३मध्ये मान्यता मिळाली; ते घेताना यकृताच्या तपासण्या आवश्यक असतात. बोधात्मक वर्तनोपचारामुळे वाफांचा जाच आणि निद्रानाश कमी होतो.

व्यायाम व योगासने हाडे, झोप आणि मनःस्वास्थ्य यांसाठी हितकारक आहेत. मात्र त्यांनी वाफा कमी होतात याचा पुरावा अपुरा आहे. सोयाबीनचे अर्क व ब्लॅक कोहोश यांविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्षही परस्परविसंगत आहेत.

वैद्यकीय तपासणीची आवश्यकता

पाळी थांबून १२ महिने झाल्यानंतर होणारा कोणताही रक्तस्राव, तो अल्प असला तरी, रजोनिवृत्तीचे लक्षण समजून दुर्लक्षित करू नये. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचे पूर्वचिन्ह असू शकतो. तसेच थायरॉईड ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेमुळेही घाम, धडधड आणि निद्रानाश होत असल्याने, लक्षणे वेगळी वाटल्यास तिची तपासणी करणे उपयुक्त ठरते.