पुतळीला कडी लागली तेव्हा

पेटीतलं सोनं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात ठुशी आणि वज्रटिकेबद्दल लिहिलं. त्यानंतर कागलच्या एक बाई सासूबाईंची पुतळ्यांची माळ घेऊन भेटायला आल्या. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत जाऊन त्यांनी भाव काढला होता आणि माळ मोडीत घालून त्याच सोन्यात राणीहार करायचा, असं घरात ठरतही आलं होतं. पण सासूबाई जाण्यापूर्वी सांगून गेल्या होत्या की ह्यातल्या काही पुतळ्या ‘खऱ्या’ आहेत. खऱ्या म्हणजे काय, आणि असल्या तर त्या गळ्यात घालायच्या, पेटीत जपायच्या की मोडायच्या, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

माळेत ३१ पुतळ्या होत्या. पांढऱ्या रुमालावर माळ पसरून भिंग लावलं. २८ पुतळ्या एकसारख्या होत्या : पातळ पत्रा आणि त्यावर ठशाने उठवलेली लक्ष्मी. उरलेल्या तीन निराळ्या. हाताला जड, कडेला किंचित वेड्यावाकड्या, आणि त्यांवर लक्ष्मी नव्हती. एक दाढीवाला उभा, त्याच्यापुढे गुडघा टेकलेला दुसरा, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. मागच्या बाजूला बदामाच्या आकाराच्या चौकटीत, चांदण्यांनी वेढलेला आणखी एक पुरुष.

हे व्हेनिसचं नाणं. इटलीतल्या ह्या व्यापारी गणराज्याने १२८४ मध्ये सोन्याचा डुकाट पाडायला सुरुवात केली. १७९७ मध्ये नेपोलियनने ते गणराज्य बुडवलं, तोपर्यंतच्या पाचशेहून अधिक वर्षांत नाण्यावरचं चित्र मुळातून कधी बदललं नाही. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि सोनं त्या काळी शुद्ध करता येईल तितकं चोख. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर आहे तो व्हेनिसचा निवडून दिलेला प्रमुख, ज्याला डोजे म्हणत, आणि मागे येशू ख्रिस्त. मिरी, मसाले आणि कापडाच्या मोबदल्यात हे सोनं तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत राहिलं आणि घाट चढून वर आलं. त्यावरची लॅटिन अक्षरं वाचायची गरज इथल्या सराफाला कधी पडली नाही. आजोबांच्या काळात जे चित्र होतं तेच नातवाच्या काळातही होतं, आणि कसोटीवर रेघ ओढली की कसही तोच. नाण्यावर माणसांच्या आकृती दिसल्या म्हणून लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, तिच्यात मोहरा आणि नाना तऱ्हेच्या होनांच्या पंक्तीला पुतळ्याही बसलेल्या आहेत. पुतळी आधी नाणं होती. दागिना ती नंतर झाली.

मग नाण्याला कडी कशासाठी लावली? शोभेसाठी हे उत्तर अपुरं आहे. पेटीत ठेवलेली मोहर घराची असते, म्हणजे व्यवहारात घरातल्या कर्त्या पुरुषाची. तीच मोहर बाईच्या गळ्यात गेली की ती तिचं स्त्रीधन होते. नाण्याच्या डोक्यावर झाळलेल्या त्या एवढ्याशा कडीने मालकी बदलत असे. शिवाय पुतळ्यांची माळ सलग घडवलेली नसते, पटवेकऱ्याने रेशमात गाठवलेली असते. दुष्काळ पडला, घरात आजारपण आलं, की गाठ सोडून एक पुतळी काढायची आणि बाकीची माळ पुन्हा गाठवून घ्यायची. पाटलीचा तुकडा तोडून विकता येत नाही, पुतळी मात्र सुटी निघते. दिवस बरे आले की गेलेल्या पुतळीच्या जागी नवी यायची, आणि नवी म्हणजे बहुधा ठशाची. कागलच्या माळेतल्या २८ आणि ३ ह्या हिशेबाकडे मी तसंच पाहतो. त्या घराने काय काय सोसलं असेल ते त्या २८ पुतळ्यांत आहे.

नाणं गळ्यात घालायची ही रीत पुतळीपेक्षा कितीतरी जुनी आहे. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात रोमन काश्याच्या वस्तू निघाल्या. त्यातला समुद्रदेव पोसायडन आज आपल्या टाउन हॉल संग्रहालयात उभा आहे. रोमशी व्यापार होता त्या काळात सोन्याची रोमन नाणीही दक्षिणेत आली, आणि त्यांतल्या अनेकांना सम्राटाच्या डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोकं पाडलेली सापडतात. भोक एकच असतं तर नाणं दोऱ्यावर गरगर फिरलं असतं. दोन असल्यामुळे मुखवटा सरळ समोर राहतो. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने हा विचार केला होता.

संग्राहकाची बाजू आता ऐकू. त्याच्या लेखी कडी म्हणजे जखम. कडी झाळताना टाकणखार लावून नाणं तापवतात, त्या उष्णतेने त्या जागेची अक्षरं बसतात, रंग बदलतो. पुढे ती कडी काढली तरी कडेवर खूण राहतेच. गळ्यात नाणं नाण्यावर घासतं आणि उठावाची टोकं आधी जातात : नाक, बोटं, अक्षरांच्या कडा. मग सणासुदीला रिठ्याच्या पाण्यात घासणं, सोनाराकडून पॉलिश करून घेणं. घालणारीला नाणं लखलखीत हवं, संग्राहकाला त्यावरची जुनी झाक हवी. म्हणून कडी लावलेल्या नाण्याची नाणेबाजारातली किंमत बरीच उतरते आणि दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. संग्राहकाचं हे म्हणणं अगदी खरं आहे.

तरीही माझं मत असं आहे की जुन्या नाण्याची खरी वैरीण मूस आहे. कडीने नाण्याचं नुकसान केलं, पण कडीनेच ते मुशीपासून वाचवलंही. मोकळं नाणं सहज हात बदलतं, आणि हात बदलता बदलता कुणाच्या तरी भट्टीत जातं. सासूच्या गळ्यातून सुनेच्या गळ्यात आलेलं नाणं मोडताना मात्र घर दहादा विचार करतं.

शिवराई होनाचंच बघा. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, महाराजांनी आपल्या नावाचा सोन्याचा होन पाडला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपती’. त्याच वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर होता. त्याने ती तुला सुमारे १६,००० होनांची झाली असं नोंदवून ठेवलं आहे. दक्षिणेतला नेहमीचा होन ३.४ ग्रॅमच्या आसपास धरला तर हे सोनं ५४ किलोच्या घरात जातं. एकट्या तुलेला एवढे होन, आणि आज अस्सल शिवराई होन मोजकेच उरले आहेत. तांब्याची शिवराई पैशाला पासरी सापडते, कारण तांबं वितळवून कुणाला काही मिळत नव्हतं.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आत्याकडे एक मोहर होती. एका बाजूला राजा चौथा विल्यम, दुसऱ्या बाजूला सिंह आणि ताडाचं झाड, साल १८३५. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा, सोनं २२ कॅरट. तिला कडी नव्हती, ती नुसती डब्यात असायची. एका लग्नात पाटल्यांना सोनं थोडं कमी पडलं आणि ती सोनाराकडे गेली. मी तेव्हा शाळेत होतो, आत्याबरोबर पेढीवर बसलो होतो. मुशीत टाकल्यावर सिंह काही क्षण दिसत होता. मग कडा मऊ झाल्या आणि नुसता एक पिवळा थेंब थरथरत राहिला. हिशेबात ती एक तोळा, बट्टा वजा, अशी लिहिली गेली. हे नाणं आहे, दुसरीकडे विचारून बघा, असं त्या दुकानात कुणी म्हणालं नाही. आत्याला ते सुचण्याचा प्रश्नच नव्हता. आत्याला वाईट वाटलं नव्हतं. मला मात्र तो थेंब अजून आठवतो.

सगळीच नाणी त्या मोहरेसारखी नसतात, हेही सांगायला हवं. कोल्हापुरात कितीतरी घरांत गिनी असते, साखळीत पदक म्हणून घातलेली. घोड्यावरचा संत जॉर्ज आणि पायाखाली अजगर. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरट. ह्या गिन्या अफाट संख्येने पाडल्या गेल्या, त्यामुळे बहुतेकींची किंमत सोन्याच्या भावाच्या आसपासच राहते. अशा गिनीला आधीच कडी असेल तर खुशाल घाला. फक्त १९१८ साल दिसलं तर अजगराखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे का ते भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीत ह्या गिन्या पाडल्या, आणि त्या एकाच वर्षी. संख्या सुमारे १३ लाख, म्हणजे फार दुर्मीळ नव्हेत, पण आपल्या मुंबईत घडलेल्या आहेत. त्याच वर्षी तिथे १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही पाडलं गेलं, गिनीच्याच वजनाचं. ते मिळालं तर कडी लावू नका.

आणि शिवराई होन, यादवांचा मधोमध कमळ असलेला वाटीसारखा खोलगट पद्मटंक, विजयनगरचा वराह, असं काही सुटं हाती आलं तर त्याला भोक नको, कडी नको, धुणंही नको. मऊ कापडात, एकेकटं ठेवा आणि नाणेशास्त्र जाणणाऱ्याला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला ह्या विषयाची संशोधन संस्थाच आहे. जुनी कडी असेल तर ती काढायलाही जाऊ नका. काढताना नाणं पुन्हा तापतं, म्हणजे दुसरी जखम. घराचा पाया खणताना नाणी निघाली तर मात्र ती आपोआप सापडणाऱ्याची होत नाहीत. १८७८च्या कायद्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. आणि १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे, ती कुणालाही आपल्या मर्जीने देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेला निघालेल्या लेकीच्या गळ्यात पणजीची पुतळी घालण्याआधी हे ध्यानात असू द्या. मुंबईच्या त्या १९१८च्या गिन्यांनीही आता शंभरी ओलांडली आहे.

कागलच्या त्या तीन पुतळ्यांकडे परत येतो. तिघींचं वजन केलं आणि भिंगाखाली अक्षरं पाहिली. एकीवर लॅटिन अक्षरं स्वच्छ लागत होती. दुसऱ्या दोघींवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके होते, संत मार्कची दाढीही गळून गेली होती, आणि वजन कमी भरलं. म्हणजे एक व्हेनिसची, दोन इथल्या. व्हेनिसचं नाणं लोकांच्या इतकं सवयीचं झालं होतं की आपल्याकडच्या सोनारांनी त्याचे ठसे स्वतः कोरून घेतले. वाचता न येणारी लिपी त्यांनी नजरेने उतरवली. रेघेला रेघ मिळाली, अर्थ गळाला. पुढे त्या परक्या आकृत्यांच्या जागी ओळखीचे देव आले आणि आजची लक्ष्मीची पुतळी तयार झाली. अंबाबाईच्या पारंपरिक अलंकारांतही पुतळ्यांची माळ आहे आणि मोहरांची माळ आहे.

बाईंनी विचारलं, “म्हणजे ह्या दोन खोट्या?” नाणेबाजारात त्यांना नक्कल म्हणतील आणि अस्सल डुकाटपेक्षा कमी मोजतील. पण माझ्यापुढे निवड ठेवली तर मी त्या दोन आधी उचलीन. व्हेनिसची नाणी जगभरच्या संग्रहालयांत आहेत. न कळणारी अक्षरं मन लावून कोरणाऱ्या आपल्या कारागिराचा हात ह्या दोघींत आहे, आणि त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

२८ पुतळ्या राणीहारात गेल्या, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लेकीच्या लग्नासाठी सोनं मोडायचं नाही तर कशासाठी मोडायचं? तीन पुतळ्या बाईंनी बाजूला काढल्या. त्यांच्या कड्या तशाच ठेवून पटवेकऱ्याकडून लाल रेशमात गाठवून घेतल्या, मधे व्हेनिसची आणि दोन्ही बाजूंना इथल्या. लग्नात मुलगी घालील, मग वर्षातून एकदा गौरीला. निघताना त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर सासूबाईंचं नाव, माहेरचं गाव, तिघींची वजनं आणि ‘मोडू नये’ एवढं लिहून तो घडी करून डबीत ठेवला.

(पुढील आठवड्यात : साजाची पानं)