धूळ आली कुठून?

मुलांनो, सकाळी शाळेत गेलात की बाकावरून बोट फिरवून पाहा. रेघ उमटली ना? काल तर बाक पुसला होता! मग ही धूळ आली कुठून?

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी हिवाळाभर खोकायची. तिचा बाक रस्त्याकडच्या खिडकीशी. "बाई, रस्त्याचीच धूळ!" मुलं म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. पण म्हटलं, आधी पाहू, मग ठरवू.

पोस्टकार्डाएवढे चार पांढरे पुठ्ठे घेतले आणि त्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला. एक रस्त्याकडच्या खिडकीत, एक मैदानाकडच्या, एक तिच्या बाकावर आणि एक बंद कपाटात. कपाटात कशाला? अहो, तुलना नको का करायला! खिडकीला रिबीन बांधून वारा कुठून येतो तेही रोज लिहिलं. दुसऱ्या दिवशी भिंगातून कण मोजायचे आणि पुठ्ठे बदलायचे.

रस्त्याकडून वारा आला की त्या खिडकीतला पुठ्ठा काळवंडायचा. वारा फिरला की मैदानाकडचा तांबूस व्हायचा. बाकावरचा मात्र रोजच मळलेला! फक्त रविवारी, खिडक्या उघड्या ठेवूनही, बराच स्वच्छ. रस्ता तर रविवारीही चालू असतो. मग काय नसतं? आमची पळापळ आणि सकाळचा झाडू!

मग आठवडाभर पाणी शिंपडून झाडलं. बाकावरचे कण चक्क कमी झाले. मुलीचा खोकलाही कमी झाला, पण तेवढ्यानेच झाला असं मी म्हणणार नाही. तिचं औषधही चालू होतं.

मोठे कण लवकर खाली बसतात, बारीक तरंगत राहतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. ते आपल्या भिंगाला दिसतसुद्धा नाहीत, बरं का! आणि बारीक धूळ वाऱ्याबरोबर किती लांब जाते? जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्रावरून थेट मुंबईला आली. उभ्या गाड्यांवर पांढरट थर बसला होता.

तर मग, या सुट्टीत चार पुठ्ठे घ्या. तारीख, वारा, कण असे तीन रकाने वहीत आखा. कण मोजायला आईबाबांनाही बसवा. आणि घरी झाडताना आधी पाणी शिंपडायला विसरू नका.