नव्या टाकीत माशाचा रंग का बदलतो?

माशाच्या त्वचेत रंगपेशी असतात. काळ्या पेशींतले मेलॅनिनचे कण पसरले की मासा गडद दिसतो, मध्यभागी गोळा झाले की फिका. चंदेरी-निळी झाक ग्वानिनच्या स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते.

प्रवासाचा ताण : लखनऊच्या अलीगंजमधल्या दुकानातून पिशवीत घरी आणलेला निऑन टेट्रा टाकीत सोडल्यावर फिका दिसतो. तो स्थिरावला की निळी-लाल पट्टी पुन्हा उजळते. रात्री अंधारातही ती मंदावते.

तळ आणि उजेड : पांढऱ्या वाळूवर मासे फिकट होतात, काळ्या खड्यांवर गडद. हा बदल काही मिनिटांत सुरू होतो. आठवडे गेले की पेशींची संख्याही बदलते. दीर्घकाळ अंधारात ठेवलेला गोल्डफिश पांढुरका पडतो.

आहार : लाल-पिवळ्या रंगाची कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाचे शरीर तयार करत नाही, ती स्पिरुलिना, कोळंबी यांतून मिळतात.

धोक्याची खूण : रंग उडण्याबरोबर मिटलेले पर, भराभर हलणारे कल्ले किंवा पांढरे ठिपके दिसले, तर पाण्यातील अमोनिया तपासावा. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच टाकीत घालावे.