चेन्नईतल्या रायरांची मराठी

चेन्नईत दिवाळी एका दिवसाची. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातलं वडीलधारं माणूस एकेकाला पाटावर बसवून डोक्यावर कोमट तिळाचं तेल थापतं. मग शिकेकाई, मग हळदीचं बोट लावलेले नवे कपडे, आणि फराळाआधी जिभेवर लेहियम या पाचक चाटणाचा तिखट-गोड गोळा. भेटेल तो विचारतो, ‘गंगास्नानम् आच्चा?’ (गंगास्नान झालं का?) दुपारी फटाक्यांचा कचरा गोळा होतो आणि सण आटोपतो. मराठी घरांत मात्र पाडवा आणि भाऊबीज अजून उरलेली असते. शाळा, कचेऱ्या चालू, म्हणून ओवाळणी रविवारवर ढकलायची. इथल्या मराठी माणसाला ही तडजोड नवी नाही. त्याच्या पूर्वजांनी असल्या तडजोडी साडेतीनशे वर्षं केल्या आहेत.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे 1670 च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले. भोसल्यांचं ते राज्य 1855 साली इंग्रजांनी खालसा केलं. दरबारासोबत आलेले कारभारी, शास्त्री, कीर्तनकार, शिलेदार कावेरीकाठीच राहिले आणि पुढे शिक्षण-नोकरीसाठी मद्रासला सरकले. तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणू लागले. कुंभकोणमला 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव त्यांतलेच. मद्रासला शिकून ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. 1887 च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षही तेच.

एवढा काळ भाषा टिकली कशी? मराठी शाळा काढून नव्हे, हे आधी सांगून टाकतो. ती टिकली सोयरिकीतून, स्वयंपाकघरातून आणि कीर्तनातून. मुली आपल्यातच दिल्या-घेतल्या, त्यामुळे सून घरात आली ती मराठी बोलतच. पानात दांगर पचडी असायची: भाजलेल्या उडदाचं पीठ घुसळलेल्या दह्यात कालवायचं आणि वर मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी. आपल्याकडचं डांगर ते हेच, फक्त कांदा गेला. (सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही कथा दोन्हीकडे मोठ्या हौसेने सांगतात. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, चवीपुरतीच घ्यावी. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मात्र तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात खरोखर आहे.)

कीर्तनाचा वाटा तर तमिळ रसिकही मान्य करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या मोरगावकर बुवांची कीर्तनं तंजावरात गाजली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं वळण दिलं आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग कर्नाटकी रागांत जाऊन बसले. चेन्नईच्या संगीत सभांमध्ये आजही मैफिलीच्या शेवटी अभंग होतो. गाणारा तमिळ, ऐकणारा तमिळ, आणि टाळ धरणाऱ्या रायरांच्या नातवाला त्यातलं निम्मं कळत नाही.

इथे खरी मेख आहे. सण टिकायला शेजार मदत करतो: नवरात्रात सगळी गल्ली बाहुल्यांचा कोलू मांडते तेव्हा रायरांच्या घरीही मांडतात, आणि संक्रांत-पोंगल तर एकाच दिवशी. भाषेला अशी शेजाऱ्याची साथ नाही. एकत्र कुटुंबं मोडली, लग्नं जातीभाषेबाहेर होऊ लागली, आजी एका शहरात आणि नातवंडं दुसऱ्या. सोयरिकीचा आणि स्वयंपाकघराचा आधार एकदम सुटला. लिपी तर आधीच सुटली होती. तमिळनाडूत 1968 पासून सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी दोनच भाषा. 2006 च्या कायद्याने तमिळ सक्तीचं झालं. यात रागवण्यासारखं काही नाही, महाराष्ट्रानेही 2020 मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केला. पण परिणाम असा, की मराठी बोलणारे कित्येकजण देवनागरी वाचू शकत नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख त्यांना परका आहे. दरबाराच्या मोडी कागदांचं तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापलं, तेच त्यांच्या हाती लागतं. ज्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापाच्या ग्रीक गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, त्या गावच्या लेकरांची ही गत!

सण टिकतो आणि भाषा सुटते, हे इतरांचंही झालं आहे. त्या इसापाचे देशबंधू फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला स्पंज काढायला गेले. तिथे दर 6 जानेवारीला मुलं पाण्यात फेकलेला क्रूस काढायला सूर मारतात आणि बघायला हजारो माणसं लोटतात. सण जोरात, पण भाषेसाठी परदेशातल्या ग्रीकांना चर्चला जोडून शाळेनंतरचे वर्ग चालवावे लागले. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते, पण मराठी घरांतून बोलतात क्रिओल. तिथे लिपी आहे, बोली गेली. चेन्नईत उलटं. माझ्या मते चेन्नईचा रोग बरा व्हायला सोपा आहे, कारण लिपी महिन्या-दोन महिन्यांत शिकवता येते. बोली तशी शिकवता येत नाही.

साधनंही अगदीच नाहीत असं नाही. दक्षिणी मराठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारा महरट्टा एज्युकेशन फंड 1912 पासून आहे, महाराष्ट्र मंडळ आहे. शिवाय सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून सोन्याच्या गलाईच्या धंद्याला आलेली कुटुंबं आहेत. त्यांची पोरं तमिळ फर्डी बोलतात, पण गावची जत्रा चुकवत नाहीत, त्यामुळे त्यांची मराठी दरवर्षी ताजी होते. या दोन मराठी समाजांची एकमेकांशी ओळख जेमतेम. ती व्हायला हवी.

बाकीचं काम आपलं, महाराष्ट्रातल्यांचं. तंजावरी मराठी इकडे ऐकली की आपण हसतो, किंवा समोरच्याची सोय म्हणून चटकन इंग्रजीवर जातो. चेन्नईच्या नातेवाइकांना या दिवाळीत फोन कराल तेव्हा मुलांशीही मराठीतच बोला, आणि त्यांची वाक्यं दुरुस्त करू नका.