दुभंगलेले घर आणि ख्रिस्ती प्रार्थना

आपल्या ट्रस्टकडे मदतीसाठी जे अर्ज येतात, त्यांत शाळेची फी, औषधपाणी, मुलीचे लग्न अशी कारणे लिहिलेली असतात. परंतु अर्जदाराशी घटकाभर बोलत बसले म्हणजे पुष्कळदा निराळेच दुखणे बाहेर पडते. नवराबायको दोन वर्षांपासून वेगळी राहतात. संत्र्याच्या बागेच्या वाटणीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाऊल ठेवीत नाहीत. सून माहेरी काटोलला जाऊन बसली आहे आणि इकडे आजी नातवाचे तोंड पाहावयास झुरते आहे. ट्रस्टच्या पैशाने फी भरता येते. हे दुखणे पैशाने बरे होत नाही, हे कार्यकारी मंडळाच्या सभासदांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा ख्रिस्ती लोक अशा मोडलेल्या घरासाठी प्रार्थना कशी करतात, हा विषय मी आपण होऊन निवडला. मी मुसलमान, पेशाने शिक्षक. हजरत ईसांना आम्ही पैगंबर मानतो, त्यामुळे विषय मला अगदीच परका नाही. दुसरे कारण असे की, आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ‘ख्रिस्ती प्रार्थना’ म्हटली की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात, एक चमत्कार आणि दुसरी धर्मांतर. धर्मांतराबाबत मध्यप्रदेशात १९६८ साली कायदा झाला, २०२१ साली नवा झाला. तो वाद कायदेपंडितांचा. ती प्रार्थना आहे तरी काय, हे मात्र शेजाऱ्याला माहीत असावे.

ख्रिस्ती प्रार्थनेचे मूळ म्हणजे येशूने शिष्यांना शिकविलेली प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती आहे. पाठ म्हणावयास एक मिनिटही लागत नाही. तिच्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, तिच्यात ‘मी’ कोठेच नाही. देवाला बाप म्हणावयाचे तोही ‘आमचा’ बाप, भाकर मागावयाची तीही ‘आमची’. ज्या भावाशी अबोला आहे, तोही त्या ‘आमच्या’त येतोच; त्याला वगळून ही प्रार्थना म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट क्षमेची. देवाकडे क्षमा मागताना आपण दुसऱ्याला जशी क्षमा केली तशीच ती मिळावी, असे मागितलेले आहे. मराठी बायबलात मत्तयाच्या या ठिकाणी ‘ऋण’ हा शब्द वापरला आहे. सोसायटीचे कर्ज ज्याने काढले आहे त्या आपल्या शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. देणे माफ व्हावे असे वाटत असेल तर आपले येणेही सोडावे लागेल, असा हा रोखठोक व्यवहार आहे. प्रार्थना संपल्यावर येशूने तिच्यातील एकाच मागणीचा लगेच खुलासा केला आहे, आणि ती मागणी क्षमेची आहे.

त्याच्या आधीचा, पाचवा अध्याय तर याहून कठीण. मनुष्य वेदीजवळ अर्पण घेऊन उभा आहे आणि त्याला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, आणि मग येऊन ते वाहावे. येथे भावाच्या मनात काही आहे असे म्हटले आहे; माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हा प्रश्नच नाही. आपण सारे ‘तो आधी येऊ दे’ म्हणून बसणारे लोक. त्यांना ही शिकवण सोयीची नाही. कित्येक चर्चांतून प्रभुभोजनाच्या अगोदर पापाची कबुली देतात आणि शेजारच्या माणसाला शांतीचे अभिवादन करतात, ती रीत याच शिकवणीतून आलेली आहे.

आता भावाकडे जावयाचे ते कसे? त्याचीही पद्धत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहे. प्रथम एकट्याने, दोघांतच बोलावे. ऐकले नाही तर एकदोन माणसे बरोबर न्यावीत. तरीही नाही ऐकले तर मंडळीपुढे मांडावे. आपल्याकडे नेमके उलट घडते. आधी गावभर होते, मग पंच बसतात, आणि दोघे समोरासमोर बोलतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात. येथे मला कुराणशरीफातील सूरा निसाची आठवण होते. नवराबायकोत फूट पडण्याचे भय असेल तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा. दोघांना खरोखर समेट हवा असेल तर अल्ला त्यांच्यात मेळ घालील, असे तेथे सांगितले आहे. हजरत यूसुफांची कथा तर दोन्ही ग्रंथांत आहे. भावांनी विहिरीत टाकले, परमुलखात विकले गेले, आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी दारात आले तेव्हा यूसुफांनी त्यांना दोष दिला नाही. मात्र एक बारकावा मुलांना शिकविताना मी नेहमी दाखवितो. यूसुफांनी ओळख लगेच दिली नाही. धाकट्या भावाच्या बाबतीत हे लोक पूर्वीसारखेच वागतात की बदलले आहेत, हे बायबलातील कथेत ते आधी पारखून घेतात. क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळते.

रोगमुक्तीच्या प्रार्थनेविषयी थोडेसेच. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या मारुतीला मनाने आजारी असलेली माणसे घेऊन त्यांचे नातलग मुक्काम करतात, हे आपण पाहतो. ख्रिस्ती लोकांत याकोबाच्या पत्राचा आधार घेतात. आजाऱ्याने मंडळीतील वडील माणसांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे तेथे आहे. आणि त्याला लागूनच एकमेकांपाशी आपली पापे कबूल करा असेही आहे. म्हणजे शरीराचे बरे होणे आणि मनातील गाठ सुटणे ही एका जागी आणली आहेत. रोमन कॅथॉलिक पंथात हे तैलाभ्यंग पूर्वी मरणासन्न माणसासाठीच समजले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली त्याचा विधी सुधारला आणि ते सर्व गंभीर आजाऱ्यांसाठी असल्याचे स्पष्ट झाले. परंतु प्रार्थना म्हणजे औषध सोडणे असे समजदार ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. बैतूलच्या पुढे पाढरचे ख्रिस्ती इस्पितळ १९५८ पासून चालू आहे. आपल्या भागातूनही तेथे रोगी जातात. ज्या चर्चचे ते इस्पितळ, त्याचे मुख्य ठाणे छिंदवाड्यास असून ते स्वीडनच्या मिशनऱ्यांच्या कामातून उभे राहिले आहे.

आता ज्या घराचे उदाहरण मला मुख्यतः सांगावयाचे आहे, ते मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. त्यांच्या आयुष्यातील मोठे वळण आपल्या बाजूलाच आले. ते नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या पदरी होते. पुढे नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली आणि त्याने बायबलची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, मुलगा दत्तू लहान होता. घर दुभंगले. एका ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेल्यासारखा झाला. आप्तांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरासही, त्यांनी दिवस काढले. हा वियोग जवळजवळ पाच वर्षांचा होता.

त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याच कारणावरून पत्नी किंवा पती नांदावयास येत नसेल, तर विवाह मोडून घेऊन दुसरा करण्याची मुभा त्याने दिली होती. टिळकांनी त्या वाटेने पाऊल टाकले नाही. पत्रे जात राहिली, भेटी होत राहिल्या. आणि लक्ष्मीबाई परत आल्या त्या बाप्तिस्मा घेऊन आल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून त्या नगरकडे येऊन राहिल्या. ख्रिस्ती नवरा आणि सोवळी बायको! दोन्ही बाजूंच्या लोकांना हा संसार विचित्रच वाटला असणार. पण मला वाटते, समेट खरा झाला तो येथे. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांचे त्यांनाच विचार करून पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो न घेता त्या तशाच राहिल्या असत्या तरीही घर पुन्हा उभे राहिलेलेच होते.

हे सारे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. नवऱ्याचा तापट स्वभाव, हाती पैसा न टिकणे, आपले स्वतःचे हट्ट, काहीही त्यांनी झाकून ठेवलेले नाही. आणि इतक्या दुःखाच्या हकिगतीत वाचक जागोजाग हसतो. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणली, कीर्तनात आणली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. आजही मराठी ख्रिस्ती कुटुंबांत संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांची गीते म्हणतात. माझ्या पूर्वीच्या शाळेत एक ख्रिस्ती सहकारी होते. त्यांच्या घरची रीत त्यांनी सांगितली ती अशी: एक गीत, शास्त्रातला एक उतारा, मग घरातील प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन वाक्ये. “दिवसभरात ज्याच्याशी खटका उडाला त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागायचे, गुरुजी. त्याच्याविरुद्ध मागायचे नाही,” असे ते म्हणत. मुले लहान असताना भावंडांच्या मारामारीचा निकाल पुष्कळदा या दोन वाक्यांतच लागे म्हणे. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. उरलेले अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि पूर्ण झालेले पुस्तक त्यांच्याही निधनानंतर, १९३८ साली निघाले.

समेटाला उशीर झाला म्हणजे काय होते, हे सांगावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. तिच्यामागची दंतकथा सर्वांना पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघे पळून निघाले आणि नदीच्या मध्यावर दोन्ही काठांवरच्या दगडांत सापडून मेले. मग दोन्ही गावांना पस्तावा झाला, आणि चंडीमातेच्या दरबारात देह नेऊन पूजा करून अंत्यविधी केला, असे सांगतात. कथा खरी की खोटी, कोण जाणे. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात आणि आजवर कित्येकांचे प्राण गेले, हे मात्र खरे आहे. कथेतील पस्तावा आपण विसरलो आणि दगड तेवढे ठेवले, असे एका पांढुर्णेकराने म्हणावे काय? मी म्हणतो. रागवावयाचे त्यांनी रागवावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयावर बोलणारे पुष्कळ लोक ती गाळतात. समेटाची प्रार्थना म्हणजे मार खाणाऱ्या बाईला पुन्हा त्याच घरात लोटणे नव्हे. कोणत्याही धर्माच्या वडीलधाऱ्यांनी ‘क्षमा कर आणि नांद’ एवढेच सांगून तिला परत पाठविले, तर ते मत्तयाचा पाचवा अध्याय उलटा वाचत आहेत. उठून जाण्याची आज्ञा तेथे ज्याने दुखविले त्याला आहे. अशा स्त्रीसाठी २००५ चा संरक्षणाचा कायदा आहे, आणि तो वापरला म्हणून तिची श्रद्धा कमी ठरत नाही. लक्ष्मीबाईंना कोणी ओढून आणले नाही. त्या आपल्या पायांनी आल्या, आपल्या अटींवर आल्या, आणि त्या अटी टिळकांनी मानल्या. ट्रस्टपुढे जेव्हा एखादे असे प्रकरण येईल तेव्हा अर्जावर कारण काहीही लिहिलेले असो, आधी दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे, एक माणूस त्याच्याकडला आणि एक तिच्याकडला घ्यावा, आणि पाच वर्षे लागली तरी पत्रे बंद होऊ देऊ नयेत.