खेळण्यातल्या स्टेशनात दिवे

एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या रेल्वे प्रतिकृतीत दिव्यांसाठी आता बहुधा एलईडीच वापरतात. जुने इवलेसे बल्ब तापत आणि प्लास्टिकची घरे वितळवत. एलईडी फारसा तापत नाही, पण तो थेट १२ व्होल्टला जोडला की क्षणात जळतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. उरलेले ९ व्होल्ट ओढून घेण्यासाठी रोधक हवाच. १००० ओहमचा रोधक लावला की ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या लहान घराला तोही जास्तच. प्रकाश मंद आणि पिवळसर असेल तरच तो खरा वाटतो.

घरांचे, फलाटांचे दिवे रुळांच्या विजेवर चालवू नयेत. साध्या डीसी पद्धतीत गाडीचा वेग व्होल्टेजवर ठरतो, त्यामुळे गाडी थांबली की गावही अंधारात जाते! दिव्यांना वेगळा ॲडॉप्टर द्यावा.

डब्यांतल्या दिव्यांना मात्र वीज चाकांमधूनच घ्यावी लागते. गाडी उलट धावताना ध्रुव बदलतात, म्हणून ब्रिज रेक्टिफायर लागतो. धुळीमुळे होणारी लुकलुक कपॅसिटर थांबवतो. घराच्या भिंतींतून उजेड झिरपत असेल, तर त्यांना आतून काळा रंग द्यावा.