चूक दुरुस्त झाली, फोनपर्यंत पोहोचली का?

शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या सापगावासारख्या गावात आज बँकेचा ओटीपी, पीएम-किसानचा मेसेज, शाळेचे निरोप सगळं येतं ते एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर. त्या फोनचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नल. मेमरीतली जागा कोणाला द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, हे तोच ठरवतो.

या देवघेवीत गफलत झाली की ‘यूज-आफ्टर-फ्री’ हा दोष उद्भवतो. जमीन विकली, फेरफार झाला, तरी जुना सातबारा दाखवून कोणी त्याच गटात नांगर घालावा, तसा हा प्रकार. जागा मोकळी होते, पण तिचा पत्ता जुन्या नोंदीत राहतो. हल्लेखोर तिथे आपला डेटा घुसवतो आणि कर्नल तोच खरा मानून चालतो.

सीव्हीई-२०१९-२२१५ या क्रमांकाने ओळखला जाणारा दोष असाच होता. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप्सचं आपसातलं बोलणं ‘बाइंडर’मधून चालतं. प्रत्येक थ्रेडसाठी, म्हणजे अ‍ॅपमधल्या कामाच्या प्रत्येक स्वतंत्र धाग्यासाठी, बाइंडर मेमरीत जागा राखतो. थ्रेडची प्रतीक्षा-रांगही तिथेच असते. ‘ईपोल’ ही यंत्रणा त्या रांगेचा पत्ता नोंदवून ठेवते. थ्रेड संपला की बाइंडर जागा सोडून द्यायचा, ईपोलची नोंद मात्र तशीच राहायची. दुरुस्ती मोजक्या ओळींची: जागा सोडण्याआधी ‘पोलफ्री’ इशारा द्यायचा, म्हणजे ईपोल आपली नोंद काढून घेते.

हा दोष नोव्हेंबर २०१७ मध्येच स्वयंचलित चाचणीत सापडला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लिनक्स ४.१४ या कर्नल आवृत्तीत दुरुस्तही झाला. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातल्या मॅडी स्टोन यांना तो विक्रीतल्या फोनमध्ये जिवंत आढळला. त्याचा गैरवापरही सुरू होता. दोष असलेल्या फोनच्या त्यांच्या यादीत पिक्सेल २ होता, तसे तेव्हा आपल्याकडे घरोघरी दिसणारे रेडमी ५ए आणि रेडमी नोट ५ही होते. अँड्रॉइडने दुरुस्ती दिली ती ऑक्टोबर २०१९ च्या सुरक्षा अपडेटमध्ये.

म्हणजे कर्नलमध्ये चूक सुधारली, तरी काम अर्धंच होतं. फोन कंपनीने ती सुधारणा आपल्या प्रत्येक मॉडेलपर्यंत पोहोचवली, तरच ग्राहक सुरक्षित होतो. म्हणून नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा: सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार? हातातल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची तारीख पाहा. ती वर्षानुवर्षं जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नका.